वाद्यपथकाची स्पर्धा आणि तिचे अबोल साहाय्यक

वाद्यपथक आपणांस अपरिचित नाहीं. प्रजासत्ताकदिनीं दिल्लीच्या संचलनांत वाजत जाणारीं सैनिकी पथकें, गोव्यांत गांवच्या फेस्ताला वाजणारे बँड, आपल्याकडील वरातीपुढें चालणारे बँड, आणि कित्येक शाळांतून झेंडावंदनाच्या वेळीं उभें राहणारें मुलामुलींचें लहानसें पथक, हीं सर्व आपण पाहिलेलीं आहेत. परंतु पाहतांना आपली दृष्टि वाजविणाऱ्यांवरच खिळलेली असते. लग्नघरीं पंगत उठली म्हणजे आपण पक्वान्नांची वाखाणणी करतों. पहांटे उठून चुलाणापाशीं बसलेल्या आचाऱ्याचें आणि पाणी वाहणाऱ्या गड्याचें नांव सहसा कोणी विचारीत नाहीं. वाद्यपथकाचेंहि तसेंच आहे.

अमेरिकेंतील हायस्कुलांत अशा पथकांस मार्चिंग बँड म्हणतात, आणि त्यांच्या स्पर्धा मोठ्या थाटानें होतात. त्या स्पर्धांमागें कोणतें गणित व शास्त्र आहे, आणि त्यांच्यासाठीं राबणारे पालक व इतर स्वयंसेवक काय काय करतात, हें या लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे. विषय परदेशचा खरा; परंतु त्यांतून निघणारा एक प्रश्न आपल्याहि शाळेच्या दाराशीं उभा आहे. आपल्या स्वतःच्या मुलासाठीं मदतीला आलेला मनुष्य सर्वांच्या मुलांचा साहाय्यक केव्हां होतो, हा तो प्रश्न होय.

पूर्वेतिहास

बँड ही मूळची सैन्यांतील संस्था. रणांगणावर हुकूम पोंचविण्यास शिंगें व नगारे लागत, आणि कूच करतांना हजारों पावलें एका तालांत पडावींत म्हणून वाद्यें वाजत. अमेरिकेंतील विद्यापीठांत सैनिकी शिक्षणाबरोबरच बँडहि आला, आणि तेथून तो फुटबॉलच्या मैदानावर गेला. हा फुटबॉल आपल्याकडील नव्हे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा तो तिकडचा खेळ आहे. १९०७ सालीं पर्ड्यू विद्यापीठाच्या पथकानें मैदानावर वाजविणाऱ्यांची रचना करून ‘पी’ हें अक्षर काढलें. रांगांनीं सरळ चालण्याऐवजीं मैदानावर आकृति काढण्याचा तो आद्य प्रयोग मानला जातो.

पुढें १९२३ सालीं शिकागो शहरांत शालेय बँडांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. तींत ओहायओ राज्यांतील फॉस्टोरिया या गांवच्या हायस्कुलाचा बँड पहिला आला. स्पर्धा भरविण्यांत वाद्यें बनविणाऱ्या कारखानदारांचा पुढाकार होता. शाळांत बँड वाढले तर वाद्यांचा खप वाढणार, हें उघडच होतें. परंतु हेतु कांहींहि असो, त्यामुळें गांवोगांवच्या मुलांच्या हातीं वाद्यें आलीं. १९७५ सालीं पुढें ‘बँड्स ऑफ अमेरिका’ या नांवानें प्रसिद्धीस आलेली संस्था निघाली, व १९७६ च्या उन्हाळ्यांत विस्कॉन्सिन राज्यांतील व्हाइटवॉटर या गांवीं तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. हल्लीं या संस्थेची सर्वांत मोठी स्पर्धा दर नोव्हेंबरांत इंडियानापोलिस शहरीं, २००८ सालीं बांधून पुऱ्या झालेल्या लुकस ऑइल स्टेडियममध्यें होते. शंभराच्या आसपास पथकें येतात. शेवटच्या रात्रीं वाजविण्याचा मान त्यांतील फक्त बारांना मिळतो. २०२० सालीं करोनाच्या साथीमुळें ही स्पर्धा भरूं शकली नाहीं.

मैदानाचें गणित

एका पथकांत शंभरापासून तीनशेंपर्यंत मुलेंमुली असूं शकतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी हीं फुंकून वाजविण्याचीं वाद्यें; खांद्यावरून अंगाभोंवतीं वेटोळें घालणारा अजस्र सूझाफोन; गळ्यांत अडकविलेले ढोल; आणि मैदानाच्या पुढच्या कडेस एकाच जागीं ठेवलेलीं मरिंबा, व्हायब्राफोन यांसारखीं मोठीं वाद्यें, असा हा संसार असतो. त्यांच्या जोडीला रंगीत निशाणें फिरविणारें व नृत्य करणारें एक दल असतें. सर्वांस ताल दाखविणारा विद्यार्थी उंच चौथऱ्यावर उभा राहतो. त्यास ड्रम-मेजर म्हणतात.

सात-आठ मिनिटांच्या प्रयोगांत हीं सर्व मुलें वाजवीत वाजवीत मैदानभर फिरतात, आणि त्यांच्या फिरण्यांतून वर्तुळें, चाप, तिरक्या रेषा बनतात व मोडतात. हें कसें साधतें? मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० यार्ड, म्हणजे ३०० फूट लांब, आणि १६० फूट रुंद असतें. त्यावर दर ५ यार्डांवर एक पांढरी रेषा आंखलेली असते. दोन रेषांतील हें १५ फुटांचें अंतर बरोबर ८ पावलांत तोडावयाचें, असा सर्वसाधारण नियम आहे. हिशेब केल्यास प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचें होतें. उंच मुलगा असो कीं ठेंगणी मुलगी असो, पाऊल तेंच. उंचानें आवरावयाचें, ठेंगण्यानें ताणावयाचें.

प्रत्येक मुलास आपल्या जागांची एक यादी मिळते. अमक्या रेषेपासून चार पावलें बाहेर, तमक्या खुणेपासून दहा पावलें पुढें, अशी प्रत्येक जागा मोजून दिलेली असते. भूमितींतील आलेखावर आपण बिंदु घेतों त्याचाच हा प्रकार. एका प्रयोगांत अशा सत्तर जागा धरल्या आणि पथकांत दोनशें मुलें असलीं, तर एकंदर चौदा हजार जागा चुकविल्यावांचून गांठावयाच्या असतात. चालण्याचीहि रीत ठरलेली असते. टांच आधीं टेकून पाऊल हळूच पुढें गुंडाळीत न्यावयाचें, म्हणजे छाती व मान हलत नाहीं. कारण मान हलली कीं ओठ हलले, आणि ओठ हलले कीं स्वर फाटला. पाय एका दिशेस जात असतांना कमरेवरचा भाग प्रेक्षकांकडेच वळलेला ठेवावा लागतो. हें सर्व उन्हाळ्याच्या सुटीच्या अखेरीस, भर उन्हांत, आठ-आठ दहा-दहा तास घोटून घेतात.

मागून येणारा नाद

आतां एक शास्त्रीय अडचण पाहूं. प्रकाश आपणांस तत्क्षणीं पोंचतो असें व्यवहारांत मानावयास हरकत नाहीं. नादाचें तसें नाहीं. साधारण हवेंत नाद एका सेकंदांत सुमारें १,१२५ फूट जातो. मैदान ३०० फूट लांब. म्हणजे एका टोंकाचा स्वर दुसऱ्या टोंकाला ऐकूं येण्यास सुमारें ०·२७ सेकंद लागतात. मिनिटास १६० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ०·३७५ सेकंदाची होते. म्हणजे त्या टोंकाचा स्वर या टोंकाला जवळजवळ पाऊण मात्रा उशिरानें पोंचतो! शेजाऱ्याचें ऐकून त्याच्याबरोबर वाजवावें, हा बैठकीच्या गाण्यांतील उत्तम नियम येथें मुलांस फसवितो.

म्हणून शिक्षक दोन नियम घालून देतात. पहिला असा, कीं ताल ड्रम-मेजरच्या हातावरून डोळ्यांनीं घ्यावा. दुसरा नियम अधिक मनोरंजक आहे: पुढच्यांनीं मागून येणाऱ्या नादाशीं जुळवून घ्यावें, मागच्यांनीं पुढच्यांचें ऐकून कधीं वाजवूं नये. याचें कारण सोपें आहे. समजा, ढोल शंभर फूट मागें आहेत. पुढच्या वाद्यांचा स्वर ऐकून त्यांनीं टिपरी मारली, तर स्वर मागें जाण्यास सुमारें ०·०९ सेकंद व ढोलाचा नाद पुढें येण्यास आणखी तितकाच वेळ, असा एकूण ०·१८ सेकंदांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मात्रेचा फरक पडेल. उलट, मागच्यांनीं ड्रम-मेजरकडे पाहून ठोका धरला आणि तो कानीं पडतांच पुढच्यांनीं त्याच्याशीं आपला स्वर मिळविला, तर दोन्ही नाद प्रेक्षकांपाशीं एकत्र पोंचतात.

हा नियम आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें उभ्या असलेल्याचें वादन मागच्यांवर अवलंबून असतें, आणि तें केवळ वाद्यांपुरतेंच खरें नाहीं.

शुक्रवारची रात्र व शनिवारची पहांट

अमेरिकेंत शनिवार व रविवार शाळेस सुटी असते, आणि शरद्‌ऋतूंत, सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत, बहुतेक शनिवारीं कोठें ना कोठें स्पर्धा असते. परंतु शुक्रवारीं रात्रीं शाळेचा फुटबॉलचा सामना असतो, व तेथेंहि पथकाला वाजवावें लागतें. सामना संपून लोक घरोघर गेले कीं साहाय्यकांचें काम सुरू होतें. मालमोटार शाळेच्या मागच्या दाराशीं लागलेली असते. सामान भरण्याचा क्रम ठरलेला असतो: जें मैदानावर आधीं लागणार तें शेवटीं चढवावयाचें. सूझाफोन आपापल्या पेट्यांत, ढोल फळ्यांवर पट्ट्यांनीं जखडलेले, मरिंबा ब्लँकिटांत गुंडाळलेली. वडीलमंडळींपैकीं कोणी सुतारकाम जाणणारा असतो, कोणी वीजकाम जाणणारा. प्रयोगांत देखाव्यासाठीं लागणाऱ्या चौकटी, जिने, कमानी याच मंडळींनीं सुटीच्या दिवशीं बसून चाकांवर उभ्या केलेल्या असतात. वारा लागून त्या मुलांवर कलंडूं नयेत यासाठीं खालीं वजन बांधणें, चाकांना अडसर लावणें, हीहि त्यांचीच जोखीम.

शनिवारीं उजाडण्यापूर्वीं मुलें शाळेंत जमतात. प्रत्येक बसमध्यें देखरेखीस दोन-तीन मोठीं माणसें असतात. तीं नांवें वाचून डोकीं मोजतात. बस सुटतांना एकदां, उतरतांना एकदां, परत बसतांना पुन्हां. एकीच्या हातांत औषधांची पेटी व कोणत्या मुलास कोणता पदार्थ किंवा कोणतें औषध बाधतें याची यादी असते. दम्याच्या मुलाची फुंकण्याची नळी कोणत्या पिशवींत आहे, हें त्या मुलाच्या आईपेक्षां त्या दिवशीं तिलाच अधिक पाठ असतें.

गणवेशाचें खातें बहुधा मातांकडे असतें. दोनशें अंगरखे, दोनशें विजारी, तितकेच टोप. मुलें वाढत्या वयाचीं असल्यामुळें ऑगस्टांत बेतलेली विजार ऑक्टोबरांत घोट्याच्या वर जाते. तिची दुमड उसवून पुन्हां शिवावी लागते. पांढरे हातमोजे हरवतात, गुंड्या तुटतात, आणि काळे पायमोजे विसरून आलेलें मूल प्रत्येक स्पर्धेंत निघतेंच. म्हणून एका पेटींत सुया, दोरे, टांचण्या, केंस बांधण्याच्या जाळ्या आणि काळ्या पायमोज्यांचे जादा जोड ठेवलेले असतात. टोपावरचा पिसांचा तुरा नाजूक असल्यामुळें तो आधीं देत नाहींत. मुलें मैदानाच्या फाटकाशीं रांगेनें उभीं राहिलीं म्हणजे साहाय्यक रांगेंतून फिरून प्रत्येकाच्या टोपांत तुरा खोंवतात, आणि प्रयोग संपल्यावर त्याच फाटकापाशीं परत गोळा करतात.

या रांगेंत उभ्या असलेल्या एका मुलाची कल्पना करा. त्याची आई रुग्णालयांत शनिवारच्या पाळीला गेली आहे, वडील दूरच्या गांवीं आहेत. त्याच्या घरचें कोणीहि प्रेक्षकांत नाहीं. त्याच्या टोपांत तुरा खोंवणारी बाई त्याची कोणी नव्हे. तिचा स्वतःचा मुलगा रांगेंत वीस पावलें पुढें उभा आहे. तरी ती येथें थांबते, तुरा सरळ बसला कीं नाहीं तें पाहते, गळ्याखालची गुंडी लावते, आणि पुढच्या मुलाकडे वळते. आमच्या मतें या दोन दिवसांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथें, या फाटकापाशीं घडते. तें मूल मैदानावर जातांना एकटें जात नाहीं.

मैदानावरील मिनिटें

प्रत्येक पथकास मैदानावर येणें, मांडणें, वाजविणें व बाहेर जाणें मिळून साधारण पंधरा मिनिटें मिळतात. ठरलेली वेळ ओलांडली कीं गुण कापले जातात. फाटक उघडतांच साहाय्यक जड वाद्यांच्या गाड्या, देखाव्याच्या चौकटी व ड्रम-मेजरचा चौथरा ढकलीत धांवतात. कोणी काय ढकलावयाचें, कोणत्या रेषेवर सोडावयाचें, हें मुलांच्या पावलांइतकेंच ठरलेलें असतें, आणि त्याचीहि तालीम झालेली असते. एक चाक गवतांत रुतलें तर चार हात आपोआप तिकडे वळतात. सामान जागेवर लागलें कीं हीं माणसें त्वरेनें कडेला येऊन उभीं राहतात, आणि ज्यासाठीं इतका खटाटोप केला तो प्रयोग सुरू होतो.

येथें एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मैदानावरील आकृति समोरच्या उंच आसनांवरून पाहण्यासाठीं योजलेल्या असतात. जमिनीवर, मैदानाच्या कडेस उभ्या असलेल्या माणसास वर्तुळ दिसत नाहीं, चाप दिसत नाहीं. दिसतात त्या गर्दी करून जाणाऱ्या पाठी, घामेजलेलीं तोंडें आणि गवतावर उमटणारीं पावलें. म्हणजे ज्यांनीं तें चित्र मैदानावर आणून ठेवलें, त्यांनाच तें पाहावयास मिळत नाहीं. परंतु वाजविणाऱ्या मुलांनाहि तें दिसत नाहींच. मुलें व साहाय्यक या बाबतींत एकाच बाजूचे आहेत.

पैशाचा प्रश्न

आतां पैशाकडे वळूं, कारण त्यावांचून हा संसार चालत नाहीं. वाद्यें, गणवेश, बसेस, मालमोटार, शिक्षक, स्पर्धेचें शुल्क या सर्वांस शाळेचा निधि पुरत नाहीं. प्रत्येक कुटुंबास वर्षाचें शुल्क द्यावें लागतें. तें कित्येक ठिकाणीं शेंकडों डॉलर, व कांहीं ठिकाणीं हजारावर जातें. उरलेला पैसा पालकांची संस्था उभा करते. फुटबॉलच्या सामन्याच्या वेळीं खाद्यपेयांचें दुकान चालविणें, संत्र्यांच्या पेट्या विकणें, लोकांच्या मोटारी धुऊन देणें, असे नाना उद्योग त्यासाठीं चालतात.

येथेंच आरंभीं विचारलेला प्रश्न उभा राहतो. समजा, एका पित्यानें शंभर पेट्या विकल्या आणि दुसऱ्यानें एकहि विकली नाहीं. तर झालेला नफा पहिल्याच्याच मुलाच्या शुल्कांतून वजा करावा काय? वरवर पाहतां हा न्यायच वाटतो. ज्यानें पेरलें त्यानें कापावें, असें कोणीहि म्हणेल. परंतु २०१३ सालीं अमेरिकेच्या करन्यायालयापुढें असाच एक खटला आला. तो बँडचा नव्हे, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांच्या पालकसंस्थेचा होता. त्या संस्थेंत, जें कुटुंब जितका पैसा जमवील तितकी सूट त्याच कुटुंबाच्या मुलास मिळे. न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, ही लोकोपकारी संस्था नव्हे. प्रत्येकजण आपल्यापुरतें मिळवीत आहे, सबब लोकोपकारी संस्थांस मिळणाऱ्या करमाफीस ती पात्र नाहीं. बँडच्या पालकसंस्थांनाहि हेंच तत्त्व लागू पडतें. लोकांनीं मुलांच्या नांवानें दिलेला पैसा सर्व मुलांचा; तो कोणाच्या बापानें गोळा केला हें पाहावयाचें नाहीं.

कायद्याची ही भाषा रुक्ष वाटेल. परंतु तिच्यांतील भाव फाटकापाशीं तुरा खोंवणाऱ्या त्या बाईच्या कृतींत आहे. आपल्याच मुलाच्या टोपांत तुरा खोंवून ती निघून गेली असती, तर ती केवळ एका मुलाची आई राहिली असती; त्यांत दोष कांहींच नव्हता. परंतु मग आई कामावर गेलेल्या त्या मुलाच्या टोपांत तुरा कोणीं खोंवला असता? मनुष्य मदतीला येतो तो बहुधा आपल्या मुलाच्या ओढीनेंच येतो. येण्याचें तें कारण चांगलें आहे. मात्र आल्यावर त्यानें तेवढ्यावर थांबूं नये.

या व्यवस्थेची दुसरी बाजूहि झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. शनिवारीं मोकळा असणारा, मोटार बाळगणारा, पैसा देऊं शकणारा पालकवर्ग ज्या शाळेस लाभला, तिचें पथक वर चढतें. मोठ्या स्पर्धांच्या वरच्या क्रमांकांत सुस्थितींतील उपनगरांच्या शाळा अधिक दिसतात, त्याचें हेंहि एक कारण आहे. जेथें आईबाप दोन-दोन पाळ्या करतात तेथें मुलांत गुण कमी नसतात, मागें उभे राहणारे हात कमी असतात. अशा शाळांत माजी विद्यार्थी, शेजारीपाजारी, निवृत्त शिक्षक पुढें आले तरच पथक तगतें. स्पर्धेचा निकाल वाचतांना हा फरक ध्यानांत ठेवणें न्यायाचें होईल.

निकाल

परीक्षक कांहीं उंच आसनांवर बसून, तर कांहीं मैदानाजवळून पाहतात, आणि पाहतां पाहतां आपलें मत ध्वनिमुद्रित करीत जातात. तें नंतर शिक्षकांस मिळतें, व वर्गांत मुलांस ऐकवितां येतें. बँड्स ऑफ अमेरिकेच्या पद्धतींत १०० गुणांपैकीं ६० एकंदर परिणामास, २० वादनाच्या व २० हालचालींच्या अचूकपणास असतात. रात्रीं उशिरा सर्व पथकांचे ड्रम-मेजर मैदानावर ओळीनें उभे राहतात आणि क्रमांक पुकारले जातात.

शंभर पथकांतून बारा अंतिम फेरींत गेलीं म्हणजे अठ्ठ्याऐंशीं गेलीं नाहींत. त्या अठ्ठ्याऐंशीं पथकांतील मुलेंहि जुलैच्या उन्हांत तितकींच चाललीं होतीं. बसमध्यें कोणी रडतें, कोणी खिडकीवर डोकें टेकून झोंपी जातें. देखरेखीचीं माणसें पुन्हां डोकीं मोजतात, उरलेलीं फळें वांटतात आणि दिवे मंद करतात. शाळेशीं पोंचतां पोंचतां मध्यरात्र उलटून जाते. मालमोटार रिकामी करावयाची असते. दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, गणवेश वाळत घालणें, हातमोजे धुणें, तुऱ्यांचीं पिसें सारखीं करून नळ्यांत भरणें, हीं कामें असतात. पथक पहिलें आलें असो वा शेवटचें, हातमोजे सारखेच मळलेले असतात. गुणपत्रिकेंत या कामांचा रकाना नाहीं.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलेंहि अशा पथकांतून वाजवितात. त्यांच्या आईबापांना आरंभीं नवल वाटतें, कीं शाळेचा बँड म्हणजे शाळेचें काम. त्यांत आपण पाण्याच्या पेट्या कां वाहाव्यात? परंतु गांवच्या उत्सवांत मांडव घालणें, पाणी भरणें, उष्टीं काढणें हीं कामें पाळीपाळीनें करणाऱ्या समाजाला ही रीत मुळांत परकी नाहीं. काम तेंच आहे. मांडवाच्या जागीं मैदान आलें, इतकेंच.

करून पाहण्यासारखे तीन प्रयोग

विद्यार्थ्यांनीं केवळ वाचून थांबूं नये म्हणून आम्ही तीन प्रयोग सुचवितों.

पहिला. शाळेच्या पटांगणावर १५ फुटांच्या अंतरावर दोन रेषा आंखा. वर्गांतील सर्वांत उंच व सर्वांत ठेंगण्या विद्यार्थ्यानें तें अंतर बरोबर ८ पावलांत, एकमेकांच्या शेजारून, तोडून दाखवावें. कोणाला आवरावें लागतें व कोणाला ताणावें लागतें, तें इतरांनीं टिपून ठेवावें.

दुसरा. मोकळ्या मैदानावर ३०० फूट मोजा. एका टोंकाला एकानें ढोलावर संथ ठोके द्यावेत. दुसऱ्या टोंकास उभे राहून टिपरी पडतांना पाहावी आणि नाद ऐकावा. डोळा व कान यांतील अंतर आपणांस स्पष्ट कळेल. नंतर तेथूनच कानानें ऐकून टाळी वाजवावी, व ढोलवाल्यास ती कशी ऐकूं येते तें विचारावें.

तिसरा प्रयोग सर्वांत सोपा, परंतु तोच बहुधा राहून जातो. शाळेचें पुढील स्नेहसंमेलन आटोपल्यावर, ज्यांचें नांव कार्यक्रमपत्रिकेंत नव्हतें पण ज्यांच्यावांचून कार्यक्रम झाला नसता, अशा दहा माणसांची यादी करा: खुर्च्या मांडणारा शिपाई, ध्वनिक्षेपकाची तार जोडणारा, वेषभूषेच्या साड्या इस्त्री करून देणारी कोणाची तरी आई. प्रत्येकापुढें त्यानें काय केलें तें लिहा आणि त्यास जाऊन सांगा.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. आपण शाळेच्या कार्यक्रमास याल, तेव्हां आपल्या पाल्याचा प्रवेश आटोपतांच उठून जाऊं नये. पुढचें मूलहि वाट पाहत उभें असतें. त्याच्या घरचें कोणी आलें नसेल तर आपली टाळी त्यास पोंचूं द्यावी; आणि हात मोकळे असतील तर पडद्यामागें येऊन विचारावें, कीं आतां काय उचलावयाचें आहे?